एक वात कमी

१

“व्रताची वात कधी टाकायची नाही, शुभा. पडली, मळली, चुरगळली, तरी उचलायची आणि डब्यात ठेवायची. ती तुझी नसते, देवीची असते.”

माझी आत्या, विठाबाई, मांडीवर कापूस घेऊन हे सांगायची. तिला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, पण सकाळी देवापुढे वाती वळायला बसले की तो आवाज कानाशी येतोच. माघातल्या त्या सकाळीही आला होता. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

दारात साळूबाई होती. मखमलाबादला तिचा फुलांचा मळा आहे आणि गंगापूर रोडवर तिची गिऱ्हाइकं. त्यात पहिलं घर माझं, कारण तिच्या फुलांशिवाय माझी पूजा होत नाही आणि पूजेआधी मी पाणी घेत नाही. पण पंधरवडाभर तिच्याऐवजी तिची जाऊ येत होती, आणि विचारलं की नुसती मान हलवत होती.

“ताई, तुम्ही गाड्या तपासता ना?”

“तपासते.” विमा कंपन्यांसाठी अपघाताच्या गाड्या पाहायच्या आणि काय मोडलं, का मोडलं ते सांगायचं, हे माझं काम.

“मग एक गाडी तपासा. माझ्या पोरानं बाई मारली म्हनत्यात.”

टोपली डोक्यावर तशीच ठेवून ती बोलत राहिली. मी उतरवून घेतली तेव्हा कुठे ती खाली बसली.

तिचा मुलगा जीवन निफाडजवळच्या ढोमशांकडे ड्रायव्हर होता. द्राक्षबागेचं मोठं घर. घरात तिघंच: मालक ललित, त्याची बायको हर्षाली आणि आई सगुणाबाई. हर्षालीला दमा. एका सकाळी तिला जोराचा दम लागला. ललित कामानिमित्त सिन्नरला गेलेला. जीवननं तिला नि सगुणाबाईंना गाडीत घातलं आणि नाशिकचा रस्ता धरला. पण गाडी वेग घेईना. दवाखाना येण्याआधीच हर्षाली गेली.

“मालकाची आई, ती मोठी आई, म्हनती, यानं मुद्दाम हळू चालवली. त्या सुनेनं याला कामावरून काढायचं ठरवलं व्हतं, म्हनून डूख धरला.”

“आणि गाडी?”

“तिथंच तर मेलो, ताई. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं चालवून बघितली. घोड्यासारखी पळाली. म्हनला, गाडीत कायबी बिघाड नाय.”

२

जीवन सिव्हिल हॉस्पिटलमध्ये होता. दाराशी पोलीस, आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये.

“हे कुणी केलं?”

“गावातली पोरं. जॅकच्या दांड्यानं.” तो छताकडे बघत होता. “म्हनले, ज्या पायानं दाबलं नाय, तो ठिवतो कशाला?”

साळूबाई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. तिनं चादरीची घडी नीट केली, पुन्हा विस्कटली, पुन्हा नीट केली.

मी त्याला गाडीचंच विचारलं. लोकांना रडू येतं अशा वेळी यंत्राविषयी विचारावं. उत्तरं सरळ येतात.

“उभी असताना इंजिन कसं होतं?”

“शांत. काय बी आवाज नाय.”

“आणि पाय दाबल्यावर?”

“नुसती गुरगुरायची. पुढं जायची नाय. पेडल पार खाली टेकवला व्हता, ताई. आन मागं काळा धूर. आरशात रस्ता दिसंना.”

उभी असताना शांत, दाबली की काळा धूर आणि ओढ नाही. ओली लाकडं घालून फुंकणी काढून घेतलेल्या चुलीसारखं. इंजिनला डिझेल मिळत होतं; हवा मिळत नव्हती.

“मग थांबून बॉनेट का नाही उघडलंस?”

“चांदोरीच्या पुढं घेतली व्हती बाजूला. दार उघडलं, एक पाय खाली टाकला. मोठ्या आई मागनं वरडल्या, ‘उतरलास तर माझी शपथ हाय! चालव!’ वहिनीचं डोकं त्यांच्या मांडीवर. मी काय करनार? चालवली.”

“हर्षाली काही बोलली शेवटी?”

“बोलायला हवा लागती, ताई.”

दाराशी बसलेल्या पोलिसानं मान वळवली. जीवन आपणहून म्हणाला, “मला काढनार व्हत्या, ते खरं हाय. एकदा गाडीत बिडी वढली मी. दुसऱ्या दिवशी निस्त्या वासानं त्यांना दम लागला. काढायलाच पायजे व्हतं मला. पन बाई लय साधी. दवाखान्यात जाता-येता मागं बसून वाती वळायच्या. लाख वाती बोलल्या व्हत्या वणीच्या देवीला. डॉक्टर म्हनले व्हते, बागेतल्या धुळीतून बाहेर पडा, तर बाहेर घर मिळू दे म्हनून. मिळालं पन. तुमच्याच गंगापूर रोडला फ्लॅट. वहिनी गेल्या त्याच दिवशी दुपारी, ललितदादा सिन्नरहून आले की सामान घेऊन निघायचं व्हतं.”

साळूबाईनं चादर सोडली आणि हात जोडले. कुणाला ऐकू जावं म्हणून नाही, पण मी जवळ होते.

“माझा पोरगा सुटू दे, आई. त्या लेकरानं तुला बोललेलं मी पुरं करीन.”

बाहेर पडताना मला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. हवा आपोआप अडत नाही आणि अडली तर रातोरात आपोआप मोकळी होत नाही. कुणीतरी बोळा घातला होता, आणि मिस्त्री यायच्या आत तो काढला होता. तो हात सापडला नाही, तर जीवनचा दुसरा पायही कुणी ठेवणार नव्हतं.

३

ढोमशांचं तेरावं होऊन गेलं होतं. त्यांच्या एका पिकअपची विम्याची पाहणी मीच केलेली, त्यामुळे भेटायला जाणं अवघड नव्हतं. ललित ओटीवर बसला होता. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खाली-वर.

सगुणाबाई पानाचं तबक पुढ्यात घेऊन आत जोत्यावर होत्या. एका हातात माळ, दुसऱ्यात अडकित्ता. त्यांनी मला चहा आणवला, कुंकवाचा करंडा पुढे केला.

“गाडीची माणसं तुम्ही,” त्या म्हणाल्या. “बाईमाणूस असून? आमच्या येळेला नव्हतं असलं. म्हंजे करायचो आम्ही, पन त्याला कोन काम म्हनत नव्हतं. ललितचे वडील नाथाभाऊ गेले, तवा ह्यो एवढासा. त्यांच्या मागं ट्रॅक्टर मीच सांभाळला. बागंवर गंधक उडवायच्या दिवसांत ट्रॅक्टरचा दम कोंडायचा. जाळी काढून मीच झटकायची. आताच्या सुनांना बॉनेट कुठनं उघडतं ते ठाव नाय.”

“हर्षालीला नव्हतं?”

“तिला काय ठाव व्हतं? तिला निस्तं जायचं ठाव व्हतं.” अडकित्त्यात सुपारी कटकन मोडली. “मांडीवर गेली माझ्या. म्या तोंडात गंगा घातली. पोटच्या पोरीचं करावं तसं केलं.”

मी ललितला विचारलं, गाडी बघू का? त्यानं किल्ली दिली आणि मागोमाग आला.

गाडी शेडमध्ये होती, मिस्त्रीनंतर कुणी हलवली नव्हती. मी बॉनेट उघडलं, हवेच्या फिल्टरच्या डब्याचे चाप काढले आणि झाकण उचललं. आतला कागदी फिल्टर पंख्याच्या घड्यांसारखा असतो. घड्यांवर फिकट पिवळी पूड बसली होती, आणि एका घडीत, अगदी तळाशी, काहीतरी पांढुरकं अडकलं होतं. मी नखानं ते बाहेर काढलं.

कापसाची वात. पिवळी पडलेली, पण अखंड.

“उंदीर,” ललित म्हणाला. “आमच्याकडे फार आहेत. घरटं केलं असेल.”

“उंदीर कुरतडतो, ललितदादा. हिचा पीळसुद्धा सुटलेला नाही. आणि डब्यात एकही लेंडी नाही.”

तो वातीकडे बघत राहिला. मग हात पुढे केला, पण तिला शिवला नाही.

“हर्षालीची आहे ही,” तो म्हणाला. “ती डावखुरी होती. तिच्या वातीचा पीळ उलटा पडायचा. आई त्यावरून तिला रोज बोलायची.”

४

शेडच्या पलीकडे तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे ललितच्या चुलतभावाची, संतोषची बाग. त्या सकाळी तिकडूनच गंधकाची पूड उडत आली आणि हर्षालीला दम लागला, असं ललितनं सांगितलं. संतोष वेलींखाली वाकून घड बघत होता. मला पाहून सरळ झाला.

“इन्शुरन्सवाल्या मॅडम? माझ्यावर बी काय क्लेम हाय का?”

“त्या सकाळी गंधक तुम्ही मारलं होतं?”

“मारलं. पानांवर भुरीचा रोग आला तर मारावंच लागतं.”

“हर्षालीला त्रास होतो, आधी सांगा, असं ठरलं होतं म्हणे.”

“मी सांगितलं असतं, पन वारा काय मला इचारून वाहतो?” तो हसला. माझ्याकडे बघून पुन्हा गंभीर झाला. “वाईट झालं. पन मारलं मी नाय, बाई. ज्यानं मारलं तो सिव्हिलला पडलाय.”

“त्या संध्याकाळी गाडी दवाखान्यातून घरी कुणी आणली? ललितदादा तर ॲम्ब्युलन्सबरोबर आले.”

“मीच.”

“येताना ओढत होती?”

त्यानं एक पान तोडलं आणि दोन बोटांत चुरलं.

“संतोषभाऊ, एका माणसाचा पाय मोडलाय.”

“...नाय. बैल बरा. शिलापूरचा चढ रांगत आली.”

“हे पोलिसांना सांगितलं का?”

“इचारलं नाय कुनी. आन सांगितलं असतं, तर पुढचा प्रश्न काय आला असता? गंधक कुनी उडवलं? एक जन अडकला व्हता ना. दुसऱ्यानं कशाला जायचं?”

त्यानं हे अगदी साधेपणानं सांगितलं. कुणाला उलटून बोलायचं नाही हा माझा नेम आहे. त्या कुंपणाशी तो मला जड गेला.

“गाडी शेडमध्ये लावली तेव्हा घरात कोण होतं?”

“रातच्याला? पाव्हनेरावळे सगळे माझ्याकडं. तिकडं ललित आन काकू. दोघंच.”

म्हणजे मुलगा किंवा आई. बायको गेली त्या रात्री नवऱ्यानं, किंवा सून गेली त्या रात्री सासूनं, अंधारात बॉनेट उघडलं होतं.

५

मी परत आत गेले आणि सगुणाबाईंसमोर बसले.

“काकू, हर्षालीचं लक्षवातीचं व्रत होतं ना? मीही वाती वळते. बघू शकते का?”

त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. फडताळातून त्यांनी पितळी डबा आणला, पदरानं पुसला आणि माझ्यापुढे ठेवला.

“बघ. सुतक फिटलं तसा खाली काढला. ती गेली, पन देवीचं आम्ही मोडलं नाय. एक वात कमी नाय.”

डब्यात लाल दोऱ्यानं बांधलेल्या जुड्या होत्या. खाली शुभ्र. वरच्या थरातल्या मात्र पिवळट, दबलेल्या, पुन्हा सारख्या करून बसवलेल्या. सगळ्यांचा पीळ उलटा.

“या पिवळ्या कशानं, काकू?”

“हळद लावलीय. देवीला जायच्या ना.”

मी एक जुडी नाकाशी नेली. हळदीचा वास मला झोपेतही ओळखता येईल. हा तो नव्हता. आगकाडी विझल्यावर येतो तसला, घशात टोचणारा वास होता.

त्यांच्या तबकात चुन्याची डबी उघडीच होती. मी बोटावर चुना घेतला, एक थेंब पाणी लावलं आणि जुडीच्या टोकावर टेकवलं.

“हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकू तसंच करतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं?”

आम्ही दोघी त्या टोकाकडे बघत राहिलो. ते पिवळंच राहिलं.

“गंधक आहे हे,” मी म्हणाले. “संतोषभाऊंनी उडवलेलं. गाडीनं ते रस्त्याला लागेपर्यंत ओढून घेतलं आणि या जुड्यांवर साठलं. कारण त्या वेळी या डब्यात नव्हत्या, काकू. हवेच्या नळीत होत्या.”

माळेचे मणी थांबले.

“ललितला इचार. गाडी त्याची हाय.”

“त्यांनी हा बोळा घातला असता, तर त्यांनी काढून नाल्यात फेकला असता. कुणीही फेकला असता. पुरावा कोण जपून ठेवतं? व्रताची वात टाकायची नसते, हे मनात मुरलेलं माणूसच त्या परत डब्यात ठेवील. मला माझ्या आत्यानं शिकवलंय ते. तुम्हाला कुणीतरी शिकवलंच असेल.”

दारात सावली पडली. ललित उभा होता. केव्हापासून, ठाऊक नाही. सगुणाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

“मारायला नव्हत्या घातल्या,” त्या मला म्हणाल्या, शेजारणीला एखादी भाजी कशी केली ते सांगावं तशा. “दुपारी घर सोडून निघनार व्हते. निघताना गाडी फाटकातच अडली असती, तर म्हनले असते, देवीच्या मनात नाय. अपशकुन झाला. राहिले असते. तिच्याच वाती घातल्या, म्हंजे माझा हात नाय. तिच्या व्रतानंच तिला अडवलं, असं झालं असतं.”

“पण मधेच तिला दम लागला.”

“लागला.”

“आणि तुम्ही गाडीत बसलात. तिचं डोकं मांडीवर घेतलंत. गाडी का चालत नाही हे त्या गाडीत फक्त तुम्हाला माहीत होतं.”

त्यांनी तबकातून एक पान उचललं आणि देठ खुडला.

“चांदोरीला जीवननं पाय खाली टाकला होता. बॉनेट उघडून बोळा ओढायचा, बस्स. मग तुम्ही शपथ का घातलीत?”

“उघडलं असतं तर त्यानं बघितलं असतं ना!” त्यांना माझ्या अडाणीपणाचा राग आला होता. “वाती बघितल्या असत्या. कुनी घातल्या म्हनून इचारलं असतं. ड्रायव्हर मला इचारनार? आन ती ऐकत व्हती. डोळे उघडे व्हते तिचे. तिच्यासमोर?”

त्यांनी हातातलं पान मांडीवर पुसलं.

“वाटलं, पोचंल,” त्या म्हणाल्या. “दर टायमाला पोचायची.”

“आई,” ललितचा आवाज फाटला होता. “जीवननं गाडी थांबवली होती?”

“थांबवली व्हती.”

“आणि मी त्याला... मी पोरांना अडवलं नाही, आई. ते त्याचा पाय मोडत होते. मी बघत होतो.”

सगुणाबाईंनी पानाला चुना लावला. “रातीच काढून घेतल्या. सुतक फिटेस्तोवर पदरात बांधून ठिवल्या, देवाला शिवल्या नाय. मग डब्यात. देवीचं काय बी मोडलं नाय मी.”

“एक कमी आहे, काकू,” मी हळूच म्हणाले. आवाज चढवायचा नाही, एवढा नेम त्या दिवशी पाळला. “ती फिल्टरच्या घडीत राहिली. माझ्या पर्समध्ये आहे.”

त्यांचा चेहरा तेव्हा उतरला. हर्षालीच्या नावानं नव्हता उतरला, मुलाच्या आवाजानंही नाही. त्यांनी हात पुढे केला, तळवा वर करून.

“दे,” त्या म्हणाल्या. “हितं ठेव. असं बाहेर ठिवू नये.”

ललित वळून निघून गेला. थोड्या वेळानं शेडमधून इंजिनचा आवाज आला. तो गाडी सुरू करून, जागच्या जागी, नुसता ॲक्सिलरेटर दाबत बसला होता. इंजिन मोकळं, मोठ्यानं ओरडत होतं. सगुणाबाईंनी माळ उचलली आणि मणी पुन्हा सुरू केले.

६

संतोषला आपलं म्हणणं पोलिसांपुढे सांगावं लागलं, ललितनं आपलं सांगितलं, आणि जीवनच्या दाराचा पोलीस उठला. सगुणाबाईंवर खटला उभा राहील. बोळ्याचं सिद्ध होईल. गप्प बसण्याचं काय होईल ते वकिलांनाही सांगता येत नाही.

पाय मोडणाऱ्या पोरांपैकी एकही जण सिव्हिलकडे फिरकला नाही. प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टरांनी जीवनचा घोटा हातात धरून वाकवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. चालता येईल, म्हणाले, काठी घेऊन. पेडल दाबता येणार नाही.

“बरंच झालं,” जीवन म्हणाला. “आता कुनी हळू चालवली म्हननार नाय.”

ललितनं डबा माझ्याकडे आणून दिला. घरात ठेववत नाही, म्हणाला. पिवळ्या जुड्या आणि माझ्या पर्समधली ती एक, पोलिसांनी पुराव्यात घेतल्या होत्या. डब्याचा वरचा थर रिकामा होता.

त्यानंतर साळूबाई रोज फुलं देऊन झाली की माझ्या स्वयंपाकघरात बसायची. झेंडूच्या देठांनी हिरवी झालेली बोटं धुऊन, पदराला पुसून, कापूस हातात घ्यायची. पहिल्यांदा तिच्या वाती दोरखंडासारख्या जाड व्हायच्या. मी काही बोलायचे नाही. तीच उसवायची आणि पुन्हा वळायची. एकदा तिनं मला विचारलं, त्या पोरीचा पीळ उलटा कसा पडायचा ते दाखवा. मी दाखवलं. तिला जमेना, म्हणून तिनं कापूस डाव्या हातात घेतला.

थर भरला त्याच्या दुसऱ्या दिवशी कडी नेहमीपेक्षा लवकर वाजली. साळूबाईच्या डोक्यावर टोपली नव्हती. धुतलेलं लुगडं, पायांत काही नाही, आणि काखेत फडक्यात बांधलेला डबा.

तिनं पदरातून माझ्या पूजेची फुलं काढून ओंजळीत ठेवली.

“आज एवढीच, ताई.”

“वणीची एसटी मिळेल ना आता?”

“मिळंल.”

“जीवनला सांगितलंस का?”

“निजलाय. उठला की पाय दुखतो त्याचा.” तिनं डबा दुसऱ्या काखेत घेतला. “म्हनलं, तो उठायच्या आत निघावं.”

ती जिना उतरली. मी गॅलरीत गेले, तेव्हा ती रस्त्याच्या कडेकडेनं, गाड्यांना वाट देत, स्टँडकडे चालली होती.